सेलीन मावशीचा बोरींचा वॉर्ड

सेलीन मावशी रोज पहाटे साडेपाचला राउंड घ्यायची. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांवर जाळी, गळ्यात चष्म्याची दोरी. एकेका पेशंटसमोर उभी राहायची, खोडाला टांगलेला क्लिपबोर्ड काढून कालची नोंद वाचायची, पानं उलटून बघायची, अंगठ्याने माती दाबायची आणि मग बॉलपेनने लिहायची, 'बेड नऊ. पानं मलूल. पाणी कमी पडलं. ताप नाही.' पेशंट म्हणजे बोरीची झाडं होती, एकूण एकवीस, आणि वॉर्ड म्हणजे बहारीनमधल्या जिदहफ्स गावाच्या मागे, घरांच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या यांच्यामध्ये कशीबशी शिल्लक राहिलेली एक जुनी बाग.

"मावशी, झाडाला ताप कुठून येणार? ते कशाला लिहितेस?" मी एकदा विचारलं.

"सवय गो बाय. अठ्ठावीस वर्षं लिहिलं. एकदम बंद केलं तर हाताला चैन पडत नाही," ती म्हणाली आणि दहा नंबरच्या बेडकडे वळली.

मावशी वसईची. माहेरची मोठी वाडी, त्यात केळी, पानवेली आणि मोगरा. आई पहाटे फुलं खुडायची, वडील दिवसभर पाणी लावायचे आणि पाच भावंडांच्या नखांतली माती कधी निघायची नाही. "मातीत हात घालायचा नाही म्हणून मी नर्स झाले," असं ती सांगायची, "आणि देवबापाची मस्करी बघ." तिशीत ती बहारीनला आली, एका मोठ्या हॉस्पिटलात राबली, वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाली. लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती इतक्या सहज बोलायची की जणू एखादी बस चुकली होती आणि मागून दुसरी रिकामी मिळाली होती.

रिटायर झाल्यावर परत जायची बॅग भरलेली असताना जिदहफ्सच्या एका हाजींनी तिला आपल्या म्हाताऱ्या आईसाठी ठेवून घेतलं. आजीबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा पलंग खिडकीशी आणि खिडकीबाहेर त्यांनीच आयुष्यभर लावलेली बोरीची झाडं. मावशीने चार वर्षं त्यांचं सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा हाजींनी मावशीचा व्हिसा काही रद्द केला नाही. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, तुम बगीचा देखो." मावशीने दुसऱ्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून एकवीस क्लिपबोर्ड आणले.

माझी तिची पहिली भेट भांडणातून झाली. माझा मुलगा वर्षाचा होता. संक्रांत आली आणि पुण्याहून आईचे फोन सुरू झाले, "बोरनहाण घालणार आहेस ना? पहिलंच आहे त्याचं." आम्ही जुफैरला नवव्या मजल्यावर राहतो. खालच्या सुपरमार्केटमध्ये विमानाने आलेल्या ब्लूबेरीचे पारदर्शक डबे रचलेले होते. बोर मात्र औषधालाही नव्हतं. "ब्लूबेरीच ओत की," माझा नवरा म्हणाला. पांढरा सोफा डोळ्यांसमोर आला आणि मी तो विषय संपवला. मग ऑफिसातल्या एका बहारीनी मैत्रिणीने सांगितलं की हिवाळ्यात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे कनार मिळेल. कनार म्हणजे आपली बोरंच.

बाजारात टोमॅटो, मुळा आणि कोथिंबिरीच्या ढिगांच्या रांगेत शेवटी एक टेबल होतं. त्यावर पांढरीशुभ्र इस्त्रीची चादर आणि टोपल्यांत बोरं. ती हल्ली मिळतात तसली सफरचंदाएवढी पाणचट कलमी बोरं नव्हती. लहान, गावठी, पिवळ्यावर तांबूस डाग असलेली बोरं होती. वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. टेबलामागे हातमोजे घातलेल्या एक बाई. त्यांनी माझ्याकडे बघूनच मराठीत विचारलं, "किती देऊ?"

"पाच किलो."

"घरात माणसं किती?"

"आम्ही तिघंच. पण खायला नकोत, बाळाच्या डोक्यावरून ओतायची आहेत."

बाईंनी हातमोजे काढले. "ओतायची? वर्षभर मी झाडाखाली वाकते, एकेक बोर हाताने काढते, आणि तू ती पोराच्या डोक्यावर ओतणार?" मी बोरनहाण समजावून सांगितलं. उसाचे करवे, चुरमुरे, हलव्याचे दागिने, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची टाळू भरली का?" मला सांगता येईना. "अर्धा किलो मिळेल. खाली धुतलेली चादर घालायची. आणि मी येऊन बघणार."

ती खरंच आली. टॅक्सी करून, केकचा डबा घेऊन. आधी बाळाच्या टाळूवरून दोन बोटं फिरवली आणि मग सगळा कार्यक्रम होईपर्यंत आपला पंजा त्याच्या डोक्यावर धरून बसली. त्यामुळे माझ्या मुलाच्या बोरनहाणातलं प्रत्येक बोर आधी सेलीन मावशीच्या हातावर पडलं आणि मग त्याच्या मांडीत. शेजारपाजारची पोरं "माइन, माइन!" करत तुटून पडली. दोन मिनिटांत चादर साफ. मावशीचा चेहरा उजळला. "एकपण वाया नाही गेलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी किलोभर देईन."

त्यानंतर मी शुक्रवारी सकाळी बागेत जायला लागले. सुट्टीच्या दिवशी मी अंथरुणातून उठते याचं माझ्या नवऱ्याला इतकं नवल वाटलं की त्याने दोनदा मागोमाग येऊन खात्री करून घेतली. मला तिथे कसलंच कौशल्याचं काम नव्हतं. पडलेली बोरं वेचायची, टोपल्या पुसायच्या आणि मावशीची बोलणी खायची. "आधी हात धू, मग बोल" हे तिचं गुड मॉर्निंग. मी घाई केली की "घाई पेशंटला असते, सिस्टरला नसते." एखादी फांदी वाळली म्हणून मी "ही गेली" म्हटलं की तिचा आवाज चढायचा. "खलास म्हणायचं काम डॉक्टरचं. आपण पाणी द्यायचं."

मी एकदा सुचवलं की झाडांना नंबरांऐवजी नावं दे, किती छान वाटेल. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाव दिलं की सुई टोचताना हात थरथरतो. नंबर बरा." पण मला माहीत होतं, सहा नंबरला ती जरा जास्त वेळ उभी राहायची आणि चौदा नंबरशी काहीतरी पुटपुटायची. विचारलं तर म्हणायची, "प्रार्थना म्हणते. तू तुझं काम कर."

मी जाहिरात कंपनीत डिझाइनचं काम करते. बाजारातल्या तिच्या टेबलासाठी मी हौसेने एक बोर्ड करून नेला. हिरवी पानं, पिवळी बोरं आणि मोठ्या अक्षरांत 'ऑरगॅनिक'. मावशीने चष्मा लावून वाचला. "सर्टिफिकेट कुठाय?"

"अगं, पण तू औषध मारत नाहीस ना?"

"नाही मारत. मग तेच लिही. जेवढं केलं तेवढं लिहायचं. रिपोर्टमध्ये कोणी जास्त लिहितं का?" मग जरा विचार करून म्हणाली, "आणि खाली लिही, अळी निघू शकते." मी कपाळाला हात लावला. जाहिरातीच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मालात अळी आहे असं बोर्डावर लिहायला सांगणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. शेवटी इंग्रजीत आणि अरबीत तसाच बोर्ड केला. लोक तो वाचून हसायचे, फोटो काढायचे आणि बोरं घ्यायचे. मावशी प्रत्येकासमोर त्याच्या पिशवीतलं एक बोर सुरीने उघडून दाखवायची. अळी निघाली तर दुसरं बोर आणि वर एक 'सॉरी'.

आमच्या दुसऱ्या हंगामाने मात्र तो बोर्ड फार खरा करून दाखवला. बोरीवर फळमाशी बसली. वरून बोर गोमटं दिसायचं, उघडलं की बीभोवती वळवळ. जानेवारीत दहातलं एक किडकं होतं, फेब्रुवारीत दहातली सहा. मावशी बाजारात बोरं उघडत राहिली, 'सॉरी' म्हणत राहिली आणि एका शनिवारी तिने टेबल मांडलंच नाही. चादर घडी करून मांडीवर घेऊन ती बागेतल्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. "पिकात दोष नाही," ती म्हणाली. "नर्सिंगमध्ये दोष आहे."

हाजींचा थोरला मुलगा हुसेन तेव्हा बागेत यायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तीन मुलं होती, भाड्याचं घर होतं आणि आपल्याच आजोबांच्या जागेत किडकी बोरं पिकत होती. त्याने आधी फवारणीचा पंप आणून दिला. मावशीने तो हात न लावता परत पाठवला. "बोर सालीसकट खातात. पोरं धुवतपण नाहीत," एवढंच तिचं म्हणणं. मग हुसेनने हाजींना सांगितलं आणि हाजींनी मान खाली घालून मावशीला सांगितलं: अजून एक हंगाम. त्यात बाग धरली तर धरली, नाहीतर झाडं काढून जागा मुलांना घर बांधायला द्यायची. त्या दिवशी एकवीस कागदांवर तिने एकच शब्द लिहिला होता, 'सीरियस'.

माझ्या मामेभावाच्या ओळखीने मी सांगोल्याकडच्या एका बोरवाल्या शेतकऱ्याचा नंबर मिळवला. व्हिडिओ कॉलवर त्याने झाडं पाहिली आणि तो हसायलाच लागला. "ताई, हे रान झालंय. किती वर्षं कोयता लागला नाही याला?"

"कधीच नाही लागला."

"मग कसं व्हायचं? बोरीला फळ नव्या फुटीवर येतं. मे महिन्यात मोठ्या फांद्या ठेवा, बाकी सगळं उतरवा. खालची माती खणून उन्हात तापू द्या, माशीचे कोष त्यातच असतात. कोंबड्या सोडा, त्या वेचून खातील. औषधाची गरज पडायची नाही." मावशीने सगळं लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा ऑपरेशनची तारीख मिळालेल्या सिस्टरचा झाला होता.

आणि इथेच सगळं अडलं. बोरीला इथे सिदर म्हणतात आणि सिदर तोडू नये, तोडणाऱ्याचं बरं होत नाही, असं जुनी माणसं मानतात. बागेत काम करणारा मन्नान बांगलादेशचा, पण इतकी वर्षं इथे राहून तोही करवत हातात घ्यायला तयार नव्हता. हाजींनी तर हात जोडले. "सिस्टर, ये मेरा माँ लगाया. सिदर काटना मफी, नहीं काटना. हुसेन काटेगा तो वो जाने. मैं नहीं काटेगा." म्हणजे कापली नाहीत तर झाडं जाणार आणि कापायला म्हणावं तर त्यांचा जीव जाणार. ऐंशीच्या घरातला तो माणूस रोज संध्याकाळी झाडांमधून काठी टेकत फिरायचा.

मावशीने वाद घातला नाही. तिने एक कागद आणला, पट्टी घेऊन रेघा मारल्या आणि हॉस्पिटलात असतो तसा कन्सेंट फॉर्म तयार केला. पेशंटचा नंबर, ऑपरेशन कोणतं, धोका काय, न केल्यास धोका काय, नातेवाईकाची सही. हाजींसमोर ठेवून ती म्हणाली, "हाजी, पेशंट तुम्हारा है. सही तुम करेगा, तो मैं हात लगाएगी. नहीं करेगा, तो नहीं लगाएगी." हाजींनी कागद घडी करून खिशात घातला. एप्रिल संपला. कागद खिशातच.

मे महिन्यात हाजी तीन आठवड्यांसाठी जियारतीला, म्हणजे तीर्थयात्रेला गेले. मला वाटलं, देवानेच वाट मोकळी केली. मी मावशीला म्हटलं, "आत्ताच उरकून टाकू. बाहेरून माणसं आणते मी. ते येतील तेव्हा फुटवे दिसायला लागले असतील. एकदा झाल्यावर काय बोलणार आहेत? आणि त्यांच्याच भल्याचं आहे."

मावशी त्या वेळी माती चाळत होती. चाळण खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "भल्याचं आहे म्हणून झोपलेल्या माणसाचा अंगठा घ्यायचा?"

"अगं, झाडं आहेत ती!"

"झाडं माझी पेशंट. हाजी त्यांचा माणूस. त्याची आई माझ्या हातात गेली. शेवटच्या दिवसांत तिला नळी घालायची का, मी त्याला तीनदा विचारलं. तो रडत होता तरी विचारलं. तेव्हा विचारलं आणि आता चोरून करू? उद्या झाडं वाचतील गो. पण तो माझ्या हातचं पाणी पिणार नाही." मग चाळण पुन्हा उचलून म्हणाली, "तू आता घरी जा."

मी घरी आले ते तणतणत. मला खरोखरच राग आला होता. इतक्या वर्षांत मला कोणी 'घरी जा' म्हटलं नव्हतं आणि ते बरोबर होतं हे कळत असल्यामुळे राग जास्तच होता. पुढचे दोन शुक्रवार मी गेले नाही. तिसऱ्या शुक्रवारी मात्र राहवेना. हाजी आदल्या दिवशी परतले होते आणि छाटणीचा महिना संपत आला होता.

मी पोचले तेव्हा हाजी बागेत एकटेच फिरत होते. एकेका झाडाला हात लावत, मोजत. मागून मावशीने सांगितलं की हुसेनने त्यांना प्रवासात फोन करून कळवलं होतं, सिस्टर तुमच्यामागे झाडं छाटून टाकणार, बघा. परतीच्या वाटेत म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकविसावं झाड मोजून झाल्यावर ते बाकावर टेकले. "सिस्टर, तुम काटा क्यों नहीं? हम इधर नहीं था."

"सही नहीं था," मावशी म्हणाली.

हाजींनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग खिशातून तो कागद निघाला. घड्यांवर फाटायला आला होता. एका रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ये क्या है?"

"पेशंट का कौन लगता है, वो लिखने का."

त्यांनी विचार केला आणि अरबीत एक शब्द लिहिला. मावशीला अरबी वाचता येत नव्हतं, मलाही नाही. मन्नानने वाचून सांगितलं, 'भाऊ'. खाली सही केली. मग कागद परत घेऊन एक ओळ वाढवली: वीस झाडं. पहिलं नाही. एक नंबरची बोर त्यांच्या आईने ते जन्मले त्या वर्षी लावली होती. मावशीने मान डोलावली आणि एक नंबरच्या क्लिपबोर्डवर लिहिलं, 'कन्सेंट नाही.' छाटणीच्या कात्रीने पहिली डहाळी हाजींनीच बिस्मिल्ला म्हणून कापली. त्यानंतर मन्नानने निमूटपणे करवत घेतली.

तीन दिवसांत बागेची रया गेली. गच्चीवरून बघणाऱ्या बायका चुकचुकायच्या. खणलेल्या मातीत मावशीने बारा कोंबड्या सोडल्या. "नाइट स्टाफ आला," असं ती म्हणायची, जरी त्या दिवसाउजेडीच काम करायच्या. आणि जुलैत, बाहेर पाय ठेवला की घामाने भिजायला होत होतं त्या दिवसांत, हाजी न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

सगळ्या मोहल्ल्याने एकच निदान केलं. सिदर! हुसेन मावशीला वाकडं काही बोलला नाही, फक्त तिच्याकडे न बघता निघून गेला. ते तिला जास्त लागलं. त्या दिवशी मी सेलीन मावशीला पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. इतक्या माणसांचे डोळे मिटलेली बाई, पण हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझा हात धरून बसली होती आणि तिची बोटं गार पडली होती. "माझा विश्वास नाही त्यावर. पण त्याचा होता गो बाय. आणि तरी मी त्याच्यासमोर कागद ठेवला," ती म्हणाली. मी आपली तिचा हात चोळत बसले.

आम्ही आत गेलो. हाजी उशीला टेकून बसले होते, पायाला वजन लावलेलं. मावशीचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असावं. "सिस्टर, हम ऐंसी साल का आदमी," ते म्हणाले. "पिछला साल गिरता तो किसका नाम लगाता तुम लोग?" आणि स्वतःच हसले. मग विचारलं, "छे नंबर में पत्ता आया?"

"आया," मावशी म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. नर्स धावत आली. मावशीने पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीने डोळे पुसले आणि त्या पोरीला लगेच ऐकवलं, "सलाइन संपत आलंय. आधी ते बघ."

सप्टेंबरात वीसही झाडं नव्या फुटीने भरली. ऑक्टोबरात बारीक फुलांवर मधमाश्यांची गर्दी झाली. मी इतकी पानं आणि फुलं आयुष्यात मोजली नव्हती. जानेवारीत पहिल्या तोड्याची टोपली बाकावर ठेवून मावशीने सुरी घेतली. एका बाजूला वॉकर धरलेले हाजी, दुसऱ्या बाजूला हुसेन, मध्ये मी. शंभर बोरं तिने आमच्यासमोर उघडली. चारांत अळी निघाली. हुसेनने एक चांगलं बोर उचलून खाल्लं, मग दुसरं, मग तिसरं, आणि बी बाहेर टाकत बापाला अरबीत काहीतरी म्हणाला. हाजींनी आम्हाला भाषांतर करून सांगितलं, "बोलता है, घर दूसरा जगह बनाएगा." त्या शनिवारी बाजारात टोपल्या हुसेननेच उचलून आणल्या. बोर्डावरची अळीची ओळ काढू का, असं मी विचारलं. मावशी म्हणाली, "चार निघाल्या ना? राहू दे."

हंगाम संपत आला तेव्हा मावशीने सांगितलं की आता ती वसईला जाणार. पाठची बहीण एकटी पडली होती आणि तिचे स्वतःचे गुडघेही राउंड पुरा करू देत नव्हते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. गेले दोन महिने ती मन्नानला आणि हुसेनला सोबत घेऊन राउंड करत होती आणि हल्ली नोंदी हुसेन लिहायचा.

तिच्या शेवटच्या शुक्रवारी छाटणी सुरू होती. हाजी वॉकर घेऊन एक नंबरच्या बोरीपाशी आले. त्या झाडाने त्या वर्षी मूठभर बोरं दिली होती, बहुतेक किडकी. अर्ध्या फांद्या सुकलेल्या, एका बाजूला खोड पोकळ. हाजी म्हणाले, "सिस्टर, तुम जाने से पहले इसको भी काटो. हम गलती किया. ये भी अच्छा हो जाएगा." हुसेनने करवत पुढे केली. सगळ्यांना वाटलं, मावशी एवढ्याचीच वाट बघत होती.

मावशी झाडाभोवती एकदा फिरली. खोडावर हात ठेवला, पोकळीत वाकून पाहिलं. मग हाजींकडे पाहिलं, त्यांच्या वॉकर धरलेल्या हातांकडे. आणि करवत हुसेनला परत दिली. "नहीं हाजी. ये काटने से अच्छा नहीं होगा. इसको अच्छा करने का नहीं अभी."

"तो क्या करने का?"

"पानी देने का. पास में बैठने का." मग माझ्याकडे वळून, जणू ड्युटी सोपवत असल्यासारखी, मराठीत म्हणाली, "काही पेशंटना बरं करायचं नसतं गो बाय. त्यांना एकटं ठेवायचं नसतं, एवढंच असतं. हाजीच्या आईचं मी दुसरं काय केलं चार वर्षं?"

हाजींना मराठी येत नाही. पण त्यांनी वॉकर बाजूला ठेवला आणि हुसेनचा खांदा धरून सावकाश झाडाखालच्या बाकावर बसले. मावशी त्यांच्या शेजारी बसली. हुसेन जरा घुटमळला आणि तोही खाली मातीत बसला. वीस झाडांवर मन्नानची करवत चालू होती.

मावशी आता वसईला आहे. बहिणीच्या परसात तिने काय काय लावलंय ते व्हिडिओवर दाखवते आणि मला पहिला प्रश्न विचारते तो 'एक नंबर कशी आहे?' हाच. अजून आहे, असं मी सांगते. मागच्या महिन्यात त्या बोरीला चार पानं नवी आली आणि एक फांदी गळून पडली. हाजी रोज संध्याकाळी तिच्याखाली बसतात. रविवारी हुसेनची मुलं बसतात, शाळेचा अभ्यास घेऊन. शुक्रवारी मी.